दुसरी कणी

हृदयाचा एक ठोका म्हणजे जेमतेम पाऊण सेकंद. ही गोष्ट त्यातल्या पहिल्या एकशे सत्त्याऐंशी मिलिसेकंदांत घडते. तस्नीमला ती जगायला अडीच वर्षं लागली.


० मिलिसेकंद
उजव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात ठिणगी पडते. बाहेर अजून कुणाला पत्ता नाही.

मगदूमसर पहिल्यांदा दुकानात आले ते आईचा तंबोरा घेऊन.

"आवाज बसलाय," ते म्हणाले.

उस्मानसाहेब सतारमेकरांनी एक तार छेडली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बसलेला नाही. कोंडलाय."

मिरजेच्या त्या गल्लीत उस्मानसाहेबांचा शब्द शेवटचा असे. हात मात्र आता शेवटचा राहिला नव्हता. सत्तरी ओलांडली आणि बोटं कापू लागली. तेव्हापासून कानस त्यांच्या मुलीच्या, तस्नीमच्या हातात आली होती. जवारी काढणारी बाई गल्लीने पाहिली नव्हती. पहिलं वर्षभर लोक दुकानावरून जाताना खोकून जायचे. मग गिऱ्हाइकं नाव काढून तिलाच विचारू लागली, आणि खोकला बरा झाला.

तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या पट्टीवर टेकते तिला घोडी म्हणतात. घोडी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला उतार असतो, इतका हलका की बोटाला लागत नाही. तार त्या उतारावर एका जागी बसून राहत नाही. टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि एका सुरातून दहा सूर फुटतात. हा उतार बरोबर साधणं म्हणजे जवारी. मग तारेखाली एक दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका क्षणी तंबोरा उजळतो.

मगदूमसरांच्या आईचा तंबोरा चाळिसाव्या मिनिटाला उजळला.

"हा उतार मोजता कशानं?" सरांनी विचारलं.

"मोजत नाही," तस्नीम म्हणाली.

"मग बरोबर आला हे कळतं कसं?"

उस्मानसाहेबांनी कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथे एक जुना, काळसर तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. त्यांच्या आजोबांनी केलेला. दुकानात त्याला 'थोरली' म्हणत. थोरली विकायची नसते. नवा तंबोरा तिच्याशेजारी ठेवायचा, दोन्ही छेडायचे, आणि दोन आवाजांचा एक होईपर्यंत कानस चालवायची. चार पिढ्या हेच चाललं होतं.

मगदूमसर बराच वेळ थोरलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, माझ्याकडेही एक घोडी आहे. तिची जवारी लागत नाहीये. कातडीची घोडी आहे."

उस्मानसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. नजरेचा अर्थ स्पष्ट होता: शिकलेली माणसं पैसे देईपर्यंत ऐकून घ्यावं.


६० मिलिसेकंद
लाट वरच्या दोन्ही कप्प्यांवर पसरते. तळ्यात खडा टाकल्यासारखी.

सरांचं संशोधनाचं काम कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये चाले. दुखणं असं होतं.

हृदय चालतं तेव्हा त्याच्या विजेची झुळूक छातीच्या कातडीपर्यंत येते. फार क्षीण, एका व्होल्टचा हजारावा भाग. ती टिपायला दवाखान्यात धातूच्या चकत्या चिकटवतात. पण धातूत धावतात इलेक्ट्रॉन, आणि शरीरात वाहतात मिठाचे आयन. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये थोडं जेल लावून भागवायचं. जेल वाळतं, माणूस कुशीवर वळतो, घाम सुटतो, आणि कागदावर हृदयापेक्षा कातडीचाच गोंगाट जास्त उमटतो.

सरांकडे एक निळं पॉलिमर होतं. प्लॅस्टिकच्याच जातीचं, पण अंगातून वीज जाऊ देणारं, आणि पाण्याबरोबर आयनांनाही आत घेणारं. दोन्ही भाषा येणारा दुभाषी. त्याची शाई करायची, बारीक जाळीतून छापायची, साठ अंशांवर वाळवायची. कांद्याच्या सालीखालचा पापुद्रा असतो ना, त्याहूनही पातळ थर निघायचा. छातीवर ठेवला की कातडीच्या सुरकुत्यांत उतरून दिसेनासा व्हायचा. नावही पापुद्राच पडलं.

पण तो सरकायचा. सरकू नये म्हणून चिकट केला, तर काढताना कातडी घेऊन यायचा.

तस्नीमने एक पापुद्रा उजेडात धरला. "सर, तुम्ही ह्याला बसवायला बघताय."

"मग?"

"टेकवा. बसवू नका."

तिने अर्धवट ओला पापुद्रा मागून घेतला आणि त्यावरून रेशमाचा दोरा ओढला. एकदा, दोनदा, तीनशेदा. प्रत्येक ओढीने एक उतार पडत होता. दिसत काहीच नव्हतं. सरांनी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा खाली नांगरलेलं रान होतं. माणूस हलला की एक उतार सुटायचा आणि शेजारचा टेकायचा. कातडी आणि पापुद्रा यांच्यात फट पडायला जागाच उरली नव्हती. सरांनी यंत्र लावून दोरा ओढून पाहिला. यंत्र सरळ ओढायचं. तस्नीमचा हात शेवटाला किंचित उचलायचा. ते उचलणं यंत्राला येईना.

तपासायला रोज एक छाती हवी होती.

"माझी घ्या," उस्मानसाहेब म्हणाले. "रिकामीच आहे."

तेव्हापासून रोज सकाळी दहाला अब्बा रिक्षाने शेडवर येऊ लागले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे, सदरा काढायचे, चहा मागायचे. उतरवायचाच असलेला सदरा ते रोज इस्त्रीचा घालून येत. तस्नीमने यावर एकदा चेष्टा केली.

"कामावर जाताना माणूस नीट जातो," अब्बा म्हणाले.

हात कापायला लागल्यापासून त्यांनी 'काम' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता.


१२० मिलिसेकंद
पहिली कणी.

हृदयाचा आलेख ज्याने पाहिलाय त्याला माहीत असतं: आधी एक छोटा उंचवटा येतो, मग सपाट रेघ, मग उंच सुळका. उंचवटा म्हणजे वरचे कप्पे. सुळका म्हणजे खालचे. मधली रेघ कोरी. तिथे बघण्यासारखं काही नाही, असंच शिकवतात.

एकशे सतरावा पापुद्रा लावला त्या सकाळी कोऱ्या रेघेवर काहीतरी होतं.

सरांना वाटलं, घरगुती विजेची गुणगुण असेल. त्यांनी पंखा बंद केला. दिवे मालवले. फ्रिजची पिन काढली. तस्नीमने अब्बांच्या खिशातला मोबाइल काढून अंगणात नेऊन ठेवला. शेडमध्ये इतकी शांतता झाली की पत्र्यावर चिमणीची नखं वाजलेली ऐकू आली.

ते तसंच होतं. प्रत्येक ठोक्याला, त्याच जागी.

सर खुर्चीत बसले ते हळूहळू, आधार शोधत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये, ते सांगू लागले, वीज अडवणारी भिंत असते. पलीकडे जायला एकच दोर आहे. आगकाडीएवढा. वरचा सगळा निरोप त्या एका दोरातून खाली उतरतो. तो उतरताना पाहायचा, तर डॉक्टर जांघेतल्या शिरेतून तार घालतात आणि थेट हृदयात नेतात. आणि इथे—

इथे एक म्हातारा चहा पीत बसला होता आणि तो निरोप स्क्रीनवर उतरत होता.

"काय झालं?" अब्बा ओरडले. "मेलोबिलो काय मी?"

"नाही चाचा."

"मग तोंडं का अशी? दाखवा की मलाही."

स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अब्बांनी चष्मा नाकावर चढवला. "हे होय? भातात कणी राहते तसं दिसतंय."

तस्नीम बघत राहिली. दिवसाला लाखभर वेळा. बहात्तर वर्षं. ती जन्मण्याआधी, अम्मीशी निकाह होण्याआधी, अब्बांनी पहिली कानस हातात धरण्याआधीपासून हे चाललं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ऐकलं नव्हतं. लहानपणी ती ह्याच छातीवर डोकं ठेवून झोपायची. कानाखाली, चार बोटांवर, हे होतं. तिने हात जोडले नाहीत की दुआ मागितली नाही. दोरा धरलेला हात नुसता मांडीवर पडला.

नीट मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं, कण्या दोन होत्या. एक एकशे वीसवर. दुसरी जराशी पुढे.

सरांनी पापुद्रा स्वतःच्या छातीवर लावला. एकच कणी. तस्नीमने नवा ओढला. एकच.

"तुमची कातडी जाड आहे, सर."

"बायकोही हेच म्हणते."

मग ठरलं. अब्बांची कातडी म्हातारी, पातळ. तिच्यावर पापुद्रा पूर्ण उजळतो आणि दोन्ही कण्या दाखवतो. इतरांवर अर्धाच टेकतो, म्हणून एक दाखवतो. जुळवायचं ते अब्बांशी. तस्नीमला हे इतकं स्वाभाविक वाटलं की ते ठरवलं गेलं हेही तिच्या लक्षात राहिलं नाही. दुकानात नवा तंबोरा वेगळा वाजला तर नवा तंबोरा चुकलेला असतो.

सरांनी तसा प्रोग्रॅम लिहिला. दोन कण्या दिसल्या तर हिरवा ठिपका. एक दिसली तर नारिंगी, आणि खाली ओळ: नीट टेकला नाही, पुन्हा लावा.

रोज संध्याकाळी अब्बा गल्लीत सांगत, "मोठं मशीन आहे. माझ्याशी जुळवतात."


१४२ मिलिसेकंद
दुसरी कणी.

"तस्नीम, तुमचा पापुद्रा भंगारात घालू का?" फोनवर डॉक्टर कुरुंदवाडे होत्या. कृष्णाकाठ हृदयालयात पेशंटवर पापुद्र्याची चाचणी चालू होती, त्या तिच्या प्रमुख. बोलणं तोडून टाकल्यासारखं. "तीनशे बारा पेशंट. अकरा हिरवे. उरलेल्या तीनशे एक जणांच्या छात्या माझ्या नर्स दिवसातून चारदा सोलताहेत."

तस्नीम ताजे पापुद्रे घेऊन गेली. वॉर्डात सिस्टर रूथ साळवे कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"या. तुमचीच वाट बघत होतो. मागच्या आठवड्यात एक आजोबा मला म्हणाले, पोरी, आता माझ्या अंगावर केस उरले नाहीत, भिंतीवर लाव."

"सिस्टर, एकदा मी लावून बघू?"

"माझ्यावरच लावा. माझं काळीज ठणठणीत आहे. नवऱ्याला विचारा, किती कठीण आहे ते."

पडद्याआड तस्नीमने पापुद्रा टेकवला, बोटाने कडा दाबल्या. दवाखान्यात फक्त ठिपके दिसत. ते बाजूला सारून तिने आपल्या लॅपटॉपवर मूळ आलेख उघडला.

एक कणी. टोकदार, स्वच्छ, एकटी. नव्या तंबोऱ्याचा पहिला बरोबर लागलेला सूर असतो तशी.

ठिपका नारिंगी.

तस्नीमने दोन वर्षांत हजारो आलेख पाहिले होते. एकट्या कणीकडे ती नेहमी उणं म्हणून बघत आली होती. आज, परक्या बाईच्या छातीवर, ती पहिल्यांदा नुसती बघत होती. ह्यात काय उणं आहे? काहीच नाही.

"सिस्टर, त्या अकरा हिरव्यांपैकी कुणी इथे आहे?"

"लीलाबाई आवटी आहेत की. बाजारात फुलं विकतात. परवा गजरा बांधता बांधता तोंडावर पडल्या. नाडी बत्तीस. डॉक्टरांनी तात्पुरती तार घालून ठेवलीय." सिस्टरने आवाज खाली आणला. "आणि बघा, दिवा कायम हिरवागार हो त्यांचा."

लीलाबाईंचा पडण्याआधीचा आलेख तस्नीमने मोठा केला. दोन कण्या. अब्बांच्यासारख्याच. फक्त एकमेकींपासून खूप लांब गेलेल्या.

डॉक्टर कुरुंदवाडे राउंडला आल्या आणि मागून स्क्रीन बघून जागच्या जागी थांबल्या.

"हे कुठून आणलंस?"

"पापुद्र्यावरून."

"छातीवरून? बाहेरून?" त्यांनी स्टूल ओढलं. कडक बाई, पण आवाज एकदम उतरला. "तीस वर्षं मी हे तारेच्या टोकाला पाहतेय. तेही लाखात एखाद्याचं. तुम्ही मला ठिपके पाठवत होता, आणि ठिपक्यामागे हे होतं?"

"दोन कण्या म्हणजे काय, मॅडम?"

"एकच निरोप आहे. दोर अखंड असेल तर एक कणी. दोर मध्ये झिजला असेल, तर निरोप झिजेच्या अलीकडे एकदा दिसतो, अडखळतो, आणि पलीकडे पुन्हा दिसतो. एके दिवशी पलीकडे जातच नाही. मग माणूस—" त्यांनी लीलाबाईंच्या खाटेकडे पाहिलं. "तुम्ही दोनला हिरवं का ठरवलंत? जुळवलं कशाशी?"

तस्नीमने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"सांग. कुणाच्या छातीशी?"

"माझ्या अब्बांच्या."

डॉक्टरांनी लीलाबाईंच्या आलेखाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "चक्कर येते त्यांना?"

खुर्चीतून उठताना अब्बा भिंतीला हात लावून थांबायचे. गुडघा, म्हणायचे. तस्नीमही म्हणायची, गुडघा.


१४२, अजूनही
ही कणी लवकर संपत नाही.

दुपारपर्यंत मगदूमसरांनी ठिपक्यांचे रंग उलटे केले. हे करताना त्यांनी एकदा डोकं टेबलावर टेकवलं. सिस्टर रूथने उरलेल्या दहांना फोन लावले. एक मास्तर वर्गात शिकवत होते. एक बाई माहेरी, जतला. एकजण फोनच उचलेना, त्याच्या घरी रुग्णवाहिका गेली तर तो झाडावर चढून शेवग्याच्या शेंगा काढत होता. सगळे उभ्याच्या उभे आणले. एकही गमावला नाही.

अकरा झाले. बारावा दुकानात थोरलीला तेलाचं बोट लावत बसला होता.

तस्नीमने सांगितलं. सगळं, क्रमाने, आडपडदा न ठेवता.

अब्बा ऐकत होते. मग हसले. "म्हणजे दोन वर्षं सगळी दुनिया माझ्याशी सूर जुळवत होती, आणि उतरलेला मीच."

"चूक माझी, अब्बा. तुमची नाही."

"मी गल्लीभर सांगत फिरलो." त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "बरं. उतरलो, तर काढा मला खुर्चीतून. नवी छाती बघा. माझ्यात तारा कशाला घालता? हात गेले तेव्हा मी काय नवे हात मागितले होते?"

"मॅडम म्हणतात, कधीही थांबेल. आजही."

"मग थांबेल."

"अब्बा!"

"ओरडू नकोस. गिऱ्हाईक बघतंय." दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

तस्नीमने लॅपटॉप उघडला आणि कानसून पडलेल्या हाडाच्या भुशाने भरलेल्या पाटावर ठेवला. समजावण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तिने आजच्या सकाळचा आलेख मोठा केला, पार स्क्रीनभर.

अब्बांनी आधी मान फिरवली. मग चष्मा लावला.

"ही पहिली काय करते?"

"निरोप घेऊन येते."

"आणि ही दुसरी?"

"तोच निरोप. मधल्या झिजेच्या पलीकडे."

त्यांनी कापतं बोट दोन कण्यांच्या मधल्या जागेवर ठेवलं. बराच वेळ तसंच. घोडीवर तार वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की खळगा पडतो. तार खळग्याच्या अलीकडच्या कडेला टेकते, मग पलीकडच्या. सूर फुटायच्या ऐवजी चरचरतो. हे अब्बांना कुणी शिकवायची गरज नव्हती. साठ वर्षं ते दुसऱ्यांचे खळगे काढत आले होते.

"मधे खळगा पडलाय," ते म्हणाले.

"हो."

"किती रुंद?"

"बावीस मिलिसेकंद."

"पहिल्या दिवशी किती होता?"

तस्नीमने एकशे सतराव्या पापुद्र्याची नोंद काढली. "चौदा."

"वाढतोय."

"हो, अब्बा."

अब्बांनी थोरलीवर गवसणी चढवली, गाठ मारायला जमेना म्हणून तस्नीमपुढे केली. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "माझा इस्त्रीचा सदरा कुठाय?"


१५० मिलिसेकंद
इथे काय असतं हे अजून कुणाला माहीत नाही.

पेसमेकरच्या तारेचं टोक खळग्याच्या पलीकडे रुतलं पाहिजे. डॉक्टर कुरुंदवाडेंनी ते तस्नीमला कागदावर काढून दाखवलं. अलीकडे रुतलं तर उपयोग शून्य. जागा तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती दोन ठोक्यांच्या मध्ये हलत असते. क्ष-किरणांत नुसती तारेची सावली दिसते. "पण तुझा पापुद्रा दाखवू शकेल. तू सांगायचंस, मी सरकवायचं. जमेल?"

त्यासाठी नवा पापुद्रा लागणार होता. सकाळी सातला तस्नीम शेडमध्ये एकटी बसली. समोर ओला निळा थर. बोटांत रेशमाचा दोरा. आणि हात उचलेना.

कशाशी जुळवायचं?

आजवर प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी होतं. थोरली होती, मग अब्बा होते. आता शेजारची जागा रिकामी होती. तिने डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. शेवटी दोरा ओढला आणि थराकडेच बघितलं. दुसरा ओढला. ओल कुठे धरून आहे, कुठे सोडते आहे. तिसरा. कुणासारखं व्हायला हवं हा विचार हळूहळू गळून गेला. दोनशे ओढींनंतर तिला थर दोऱ्याखाली मऊ होत गेलेला कळला. तिथे ती थांबली. नेहमीपेक्षा शंभर ओढी आधी.

ऑपरेशनच्या खोलीत तिला शिशाचा जड एप्रन घातला. अब्बा जागे होते. खांद्याखालची जागा तेवढी बधिर केलेली.

"थंडी किती ठेवलीय," ते म्हणाले. "बर्फाचा कारखाना आहे काय?"

"चाचा, बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तस्नीम?"

"दोन्ही दिसताहेत." स्क्रीनवर गोंगाट नव्हताच. रेघ इतकी निश्चल की कण्या पाण्यावर उगवल्यासारख्या. "पहिली जाडावतेय, मॅडम. टोक अजून अलीकडे आहे."

"आता?"

"अलीकडेच."

"आता?"

"थांबा. दुसरी थरथरली."

"इथेच?"

"इथेच."

डॉक्टरांनी तार फिरवून रुतवायला घेतली. त्या धक्क्याने, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं, उरलासुरला दोरही क्षणभर दबणार होता.


० ठिणगी
१२० पहिली कणी
१४२
१८७


० ठिणगी
१२० पहिली कणी
१४२
१८७


अब्बांची मान एका बाजूला कलली.


० ठिणगी
१२० पहिली कणी
१४२
१८७


"मॅडम, दुसरी गेली."

"माहितीये. अर्धा वळसा राहिलाय."


० ठिणगी
१२० पहिली कणी


तस्नीम बघत होती. ओरडायला हवं होतं, पण ओरडणं कुठेतरी लांब राहिलं. सुळका नव्हता. रक्त उभं होतं. माणूस जवळजवळ गेला होता. आणि वरून निरोप येतच होता. एकशे विसाव्या मिलिसेकंदाला, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही, तीच छोटी टोकदार कणी. पलीकडे कुणी नाही हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ती आली असती. चौऱ्याहत्तर वर्षं आली तशीच, खळग्याच्या काठापर्यंत, पुन्हा, पुन्हा.

"चालू करा," डॉक्टर म्हणाल्या.


१८७ मिलिसेकंद

ठोका.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पुन्हा ठोका. पुन्हा. तारेचं टोक कणीची चाहूल घेत होतं, खळगा ओलांडत होतं आणि निरोप पलीकडे टाकत होतं. पाच सेकंद झाले होते, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे.

अब्बांच्या गालांवर रंग चढायला लागला. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग मान वळवून मुलीला शोधलं.

"झोप लागली होती की काय मला?"

डॉक्टर कुरुंदवाडे तार हातातून न सोडता स्क्रीनकडे बघत होत्या. मागे काचेपलीकडे मगदूमसर उभे होते, दोन्ही तळवे काचेला लावून.

"बेटा, सांग की. कसं दिसतंय? लागला का सूर?"

स्क्रीनवर आता ठिणगी होती, लाट होती, पहिली कणी होती. दुसरीच्या जागी एक सरळ उभी रेघ होती, माणसांनी घातलेली. आणि त्यानंतर सुळका. हे असं चित्र ह्याआधी कुठल्याच छातीवर उमटलं नव्हतं. जुळवून बघायला जगात काही नव्हतं.

"अब्बा, जरा गप्प बसा," तस्नीम म्हणाली. "बघू द्या मला."